अर्धेली

ताईला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मला वाटलं, रेंज गेली. मग ती म्हणाली, "ग्रँड कॅनियन बघून झालं का तुझं?"

"झालं की. गेल्या रविवारी."

"मग ते मोठं धरण बघ. लोक एवढ्या लांबून धरण बघायला येतात, आणि तू निघालीस वेश्यावस्तीत?"

"वस्ती नाही गं, एकच घर आहे. लायसनचं. कादंबरीसाठी जातेय."

"कादंबरीच्या नावाखाली काय काय करशील! जा बाई. पण माझ्या लेकाला आत नेऊ नकोस."

ताईचा लेक, म्हणजे माझा भाचा, हेंडरसनला असतो. लास वेगासला चिकटलेलं गाव, पुण्याला चिंचवड तसं. गाडीने न्यायचं त्याने कबूल केलं होतं, पण तो बाहेर थांबणार या अटीवर. हीच अट आदल्या रात्री त्याच्या बायकोनेही मला भांडी आवरताना ऐकवली होती, त्यामुळे ती मुळात कुणाची हे मी विचारायला गेले नाही.

कादंबरीचं आधी सांगते, नाहीतर बाकीचं उगाच चावट वाटेल. सांगलीत एका सहकारी बँकेत मी ३१ वर्षं काढली. कॅश, क्लिअरिंग, ठेवी, आणि शेवटची काही वर्षं अंतर्गत तपासणी. लिहायला लागले पंचेचाळिशीनंतर. माझ्या लिखाणात माणसांपेक्षा व्हाउचरं जास्त असतात असं एक समीक्षक म्हणाले होते. (टोमणाच होता. मी तो कौतुकाच्या खात्यावर जमा केला.) या तिसऱ्या कादंबरीचा नायक दिगंबर हाही बँकेतलाच. निवृत्त होऊन लेकीकडे नेवाडात येतो, चार भिंतींना कंटाळतो आणि एका टॅक्सवाल्याच्या ऑफिसात फायली लावायला जाऊ लागतो. त्या फायलींत काही बायकांच्या फायली असतात. अशा घरी जाणाऱ्या माणसाचं नाव दिगंबर ठेवलं म्हणून मैत्रिणी खूप हसल्या. नाव मी बदललं नाही. तो तिथे कपडे काढायला जात नाही, कागद आणायला जातो.

हे सुचलं ते भाच्याच्याच घरी, मागच्या खेपेला. त्याच्या ओळखीचे एक टॅक्सवाले जेवायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, "इथे त्या बायकासुद्धा रिटर्न भरतात. आणि तुमच्या आयटीवाल्यांपेक्षा नीट भरतात. पावत्या महिनावार लावून आणतात." माझा हात वरणभातातच थांबला.

अडलं ते नवव्या प्रकरणाशी. त्यात दिगंबर पहिल्यांदा त्या घरी जातो. ते मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. पहिल्या खर्ड्यात लाल दिवा होता, कोपऱ्यात रडणारी मुलगी होती, बाहेर मुसळधार पाऊस होता. नेवाडाच्या वाळवंटात मुसळधार पाऊस! हस्तलिखित वाचणारी माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, हे कामाठीपुऱ्याचं झालंय. आणि तेही सिनेमातल्या." तिचं खरं होतं. कोठीचं वर्णन आम्ही लेखकमंडळी बहुतेक वेळा एकमेकांच्या कादंबऱ्या वाचूनच करतो. तिथली बाई एकतर देवी असते नाहीतर नागीण, आणि तिच्याकडे सुट्टे पैसे कधीच नसतात. मला तर नेमकं तेच हवं होतं. पैसे कोण घेतं, कुठे लिहितं, पावती कुणाच्या नावाने फाटते.

अमेरिकेत या धंद्याला परवाना देणारं नेवाडा हे एकच राज्य, आणि तेही सगळं नाही. लास वेगासमध्येच तो बेकायदेशीर आहे. तिथल्या झगमगत्या रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात उघड्या बायकांची कार्डं कोंबणारी माणसं बघून कुणालाही उलटंच वाटेल. खाणींच्या काळापासून हे सगळं चालत आलेलं होतं, पोलिसांनी बघून न बघितल्यासारखं केलेलं. १९७१ मध्ये रेनोजवळच्या स्टोरी काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) जो कॉन्फोर्टे नावाच्या इसमाच्या 'मस्टँग रँच'ला रीतसर परवाना दिला. हा गडी आता वेगासकडे सरकणार अशी धास्ती तिकडे पडली, आणि त्याच वर्षी विधिमंडळाने ठरवलं की दोन लाखांवर वस्ती असलेल्या काउंटीत असा परवाना देता येणार नाही. तेव्हा एवढी वस्ती फक्त वेगासच्या क्लार्क काउंटीची होती. गावाचं नाव न घेता गावाला वगळायचं. हे वाचून मला आमच्या संचालक मंडळाचे ठराव आठवले. त्यांतही कर्जदाराचं नाव नसायचं, पण अटी वाचल्या की त्याची मिशीसुद्धा डोळ्यांसमोर यायची. तो वस्तीचा आकडा पुढे वाढवत सात लाखांवर नेला, मतलब तोच.

म्हणून वेगासमधल्या माणसाला हद्द ओलांडून पश्चिमेला नाय काउंटीतल्या पहरंपला जावं लागतं. ६० मैल. रस्ता स्प्रिंग माउंटन्स नावाच्या डोंगरातून चढतो, साडेपाच हजार फुटांवर खिंड लागते. दोन्ही बाजूंना जोशुआची झाडं. घायपाताने झाड व्हायचं मनावर घ्यावं आणि निम्म्यात कंटाळावं, तसं त्यांचं रूप. खिंड उतरलं की खाली रुंद, कोरडं खोरं पसरलेलं दिसतं. इथे पूर्वी जमिनीतलं पाणी उपसून कापूस पिकवायचे. आता कापूस नाही. गावात शिरता शिरता फटाक्यांची गोदामाएवढी दुकानं लागतात, कारण वेगासमध्ये चालत नाहीत असले मोठे फटाके इथे विकत मिळतात. एकंदरीत वेगासला जे अंगणात नको, ते डोंगराच्या या बाजूला.

घर गावाबाहेर होतं. बैठी इमारत, कुंपण, ऐसपैस पार्किंग, दारात चार पामची झाडं. हुबेहूब तालुक्याच्या गावाबाहेरचं मंगल कार्यालय. भाच्याने मला फाटकाशी उतरवलं आणि माझ्या मागे दार लागण्याआधीच गाडी वळवली. "मावशी, मी फटाके बघून येतो," एवढं ऐकू आलं.

आधी ई-मेल केला होता. लेखिका आहे, वय एवढं, हेतू असा. दोन दिवसांत नीटस उत्तर आलं. बार आणि जेवण सर्वांना खुलं आहे, घर हिंडून बघायला पैसे पडत नाहीत. एखादीशी खासगीत बोलायचं असेल तर तिचा वेळ घ्यावा लागेल, आणि भाव तिचा ती सांगेल. घर भाव ठरवत नाही. या शेवटच्या वाक्याखाली मी तेव्हाच रेघ मारून ठेवली होती. तपासणीत एक शिकले होते. न विचारता दिलेल्या खुलाशापाशी थांबायचं.

दार उघडलं ते साठीच्या एका बाईने. अंगात लोकरीचं जाकीट, चष्मा साखळीला अडकवलेला. पंचायत समितीतली हेडक्लार्क म्हणून सहज खपली असती. मला 'हनी' म्हणाली आणि घर दाखवायला निघाली. बैठकीची खोली, बार, लांब बोळ, बोळात दोन्ही बाजूंना खोल्या. ऑफिसच्या भिंतीवर परवाना चौकटीत लावलेला, दुकानात लावतात तसा. इथे येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी शेरिफकडून, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाकडून, कामाचं कार्ड काढावं लागतं. बोटांचे ठसे, खरं नाव, मागचा सगळा तपास. दर आठवड्याला गुप्तरोगाची तपासणी, दर महिन्याला एचआयव्ही आणि सिफिलिसची. निरोध १९८८ पासून सक्तीचा. गिऱ्हाइकालाही आधी दिव्याखाली तपासतात, ते काम बाईच करते. शाळेपासून आणि चर्चपासून ४०० यार्डांच्या आत असं घर चालवता येत नाही. आपल्याकडच्या कायद्यात २०० मीटर आहे, असं मी सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे पण आहे?"

मला उत्तर जमेना. आपल्याकडे आहे आणि नाही. १९५६ च्या आपल्या कायद्याने बाईने एकटीने हे करणं हा गुन्हा नाही. घर चालवणं, दुसऱ्याने त्यावर जगणं, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं हा गुन्हा आहे. नेवाडात बरोब्बर उलटं. घराच्या आत सगळं कायदेशीर, आणि तीच बाई, तेच कार्ड पर्समध्ये घेऊन, फाटकाबाहेर पार्किंगमध्ये कुणाशी ठरवेल तर गुन्हेगार. कायदा तिथे भिंतींना लागलाय. हे मला वाचून माहीत होतं, पण पायाखाली त्यांचा गालिचा असताना जास्त नीट कळलं. त्यातून पुढचा सगळा हिशेब निघतो.

एवढ्यात घंटा झाली. हेडक्लार्कबाईने मला खांद्याला धरून बारच्या टोकाच्या स्टुलावर बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

बोळातून बायका आल्या. सहा. बैठकीत ओळीने उभ्या राहिल्या. याला तिथे लाइन-अप म्हणतात. प्रत्येकीने फक्त आपलं नाव सांगायचं, तेही कामापुरतं घेतलेलं. हसायला हरकत नाही, पण डोळा मारायचा नाही, अंग हलवायचं नाही, एक शब्द जास्तीचा बोलायचा नाही. तसं कुणी केलं तर त्याला 'डर्टी हसलिंग' म्हणतात, आणि सगळ्यात जास्त चिडतात त्या शेजारी उभ्या असलेल्या बायका. समोर पन्नाशीचा एक माणूस होता. मान उन्हाने भाजलेली, टोपी दोन्ही हातांत धरलेली. तो बायकांकडे बघतच नव्हता. बराच वेळ गालिच्यातल्या नक्षीकडे बघून त्याने सगळ्यात जवळ होती तिच्याकडे बोट केलं. उरलेल्या पाच वळल्या. एकीने जांभई दिली.

मला अकरा वेळा दाखवलं होतं. नाव, शिक्षण, आणि "पोहे हिनेच केलेत". अकरापैकी निदान चार जण पोह्यांच्या बशीकडेच बघत होते. आजवर मी हे एक वैतागवाणं आयुष्य म्हणून विसरून गेले होते. त्या स्टुलावर बसून पहिल्यांदा शंका आली, की तेही बिचारे घाबरलेच असतील. मला बाराव्यांदा उभं राहावं लागलं नाही, कारण नोकरी लागली. सोडा बरा होता. बर्फ फार घालतात.

जांभई देणारीच मला मिळाली, म्हणजे हेडक्लार्कबाईने तिला विचारलं आणि ती हो म्हणाली. चाळिशीच्या आसपास. सांगितलेलं नाव एका फुलाचं होतं. ते लिहीत नाही, खरं तर मला ठाऊकच नाही. आम्ही तिच्या खोलीत गेलो. तासाभराचा भाव तिने सांगितला आणि मी, खरंच सांगते, विचार न करता निम्म्यापासून सुरुवात केली. हात मंडईच्या वळणाचा. ती एवढी हसली की पलंगावर बसली. म्हणाली, "गोष्टी ऐकायला येणाऱ्यांनी भाव पाडलेला मी पहिल्यांदाच बघतेय. ते उलट वाढवून देतात, मनाला लागतं ना त्यांच्या." शेवटी जमलं. मी दिलेले पैसे तिने मोजले आणि ते घेऊन आधी ऑफिसात गेली. तिथे नोंद झाली, घड्याळ लागलं, मग परत आली. पैसे जमा झाल्याशिवाय काही सुरू होत नाही.

मी वही उघडली. २७ प्रश्न होते. पहिला विचारला, "आत्ता तू जे पैसे नेलेस, ते कुणाच्या खात्यावर पडले?"

तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "सगळे विचारतात, तू इथे कशी आलीस."

"ते मला कादंबरीत नकोच आहे."

पाय वर घेऊन मांडी घालून बसली ती त्यानंतर.

हिशेब असा. ठरलेल्या रकमेतली निम्मी घराची, निम्मी तिची. एवढं ऐकलं आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "अर्धेली!" मग समजावून सांगावं लागलं. माझ्या आजोबांची चार एकर नदीकाठाला होती. ती ते अर्धेलीने लावत. जमीन यांची, घाम दुसऱ्याचा, पीक निम्मं-निम्मं. पाऊस पडला नाही तर पीक दोघांचं बुडायचं, पण जमीन कुणाची बुडायची नाही. मुंबईत कामाठीपुऱ्यातही जी बाई घरवालीला निम्मं देऊन धंदा करते तिच्या पद्धतीला 'अधिया' म्हणतात. शब्द एकाच मुळाचा. फुलाच्या नावाची ती बाई दोन-तीनदा 'अर्धेली' म्हणून बघत राहिली. 'र्ध' तिला काही केल्या जमलं नाही.

कामाठीपुऱ्यात घरवालीकडे निदान खाट असते, पोलिसांशी ओळख असते, कर्जाची वही असते. इथे घराकडे काय असतं? बार असतो, न्हाणीघरं असतात, पहारा असतो, गिऱ्हाइकाला विमानतळावरून आणणारी गाडी असते, सगळं खरं. पण मुख्य म्हणजे परवाना असतो. तो बाईला मिळत नाही. चार जणींनी मिळून एखादा बंगला घेतला आणि उद्यापासून चालू केलं, असं होत नाही. काउंटी हातावर मोजण्याइतके परवाने देते आणि ते ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे राहतात. परवाना हीच जमीन. म्हणून निम्मं.

आणि तिच्या निम्म्यातून पुढचं सगळं. खोली-जेवणाचे दर दिवसाचे पैसे, काम झालं तरी आणि नाही झालं तरी. डॉक्टर. शेरिफच्या कार्डाची फी. बारवाल्याची, ड्रायव्हरची टिप. कपडे, केस, नखं. वर्षाच्या शेवटी घर तिला १०९९ नंबरचा फॉर्म देतं, कारण ती कामगार नाही, 'स्वतंत्र व्यावसायिक' आहे. त्यामुळे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे (तिकडचं म्हातारपणाचं पेन्शन आणि दवाखाना) दोन्ही वाटे, मालकाचा आणि नोकराचा, तिलाच भरावे लागतात. १५.३ टक्के. वर केंद्राचा आयकर. नेवाडात राज्याचा आयकर नाही, तेवढा दिलासा. रजा नाही, बोनस नाही, आजारी पडली तर मीटर चालूच.

"पण पाळी बारा तासांची असते ना? आणि दोन-तीन आठवडे इथेच राहायचं?"

"हो."

"घंटा झाली की यायलाच लागतं?"

"हो."

"मग स्वतंत्र कशात?"

"भावात," ती म्हणाली. त्या ई-मेलमधल्या वाक्याखालची रेघ मी आणखी एकदा गडद केली. भाव तिने ठरवायचा, कारण घराने ठरवला तर ती नोकर ठरेल. माझ्या तपासणी अहवालात यावर किमान दोन परिच्छेद झाले असते.

एक सांगायला हवं. ही बाई रडगाणं गात नव्हती, आणि मी तिच्या वतीने गाऊ नये. तिने इतर ठिकाणीही हेच काम केलं होतं, कायद्याबाहेर. इथे खोलीत धोक्याची कळ आहे, ती दाबली की माणूस धावत येतो. भाव ठरताना ऑफिसला ऐकू जातं. पैसे आधी मोजून घेतले जातात. रात्री ती झोपते, हे तिने दोनदा सांगितलं. शेरिफकडच्या ठशांबद्दल मात्र ती तितकी खूश नव्हती. "इथून निघून जाता येतं. त्या फायलीतून नाही."

या घरांचं आणि सरकारचं नातं मोठं मजेशीर आहे. २००९ मध्ये मंदीच्या ऐन भरात राज्याच्या सिनेटमध्ये एक प्रस्ताव आला, दर गिऱ्हाइकामागे ५ डॉलर कर लावायचा. घरमालकांच्या संघटनेने त्याला विरोध करायचा सोडून पाठिंबा दिला. आमच्यावर कर लावा म्हणून मागे लागलेला व्यापारी मी तरी दुसरा पाहिला नाही. कर भरला की माणूस हिशेबात येतो, आणि हिशेबात आलेल्याला सहजी पुसता येत नाही, हे त्यांना पक्कं कळलेलं. आमदारांनाही कळलं असावं. समितीतच प्रस्ताव पडला. उलट बाजूने 'मस्टँग रँच'चं बघा. कर थकला म्हणून १९९० मध्ये केंद्र सरकारने ते जप्त केलं. बारवाला मला म्हणाला, सरकारने मग स्वतःच धंदा चालवायला घेतला आणि तोही बुडवला. गोष्ट झकास, पण खोटी. सरकारने चालवला नाही, लिलाव केला. पुढे १९९९ मध्ये फसवणुकीच्या खटल्यानंतर ते पुन्हा सरकारजमा झालं, कॉन्फोर्टे तोवर ब्राझीलला पळालेला, आणि २००३ मध्ये त्याची ती गुलाबी इमारत सरकारने चक्क ईबेवर विकायला काढली. १,४५,१०० डॉलरला गेली.

करोनात कॅसिनो जून २०२० मध्ये उघडले. ही घरं मार्चमध्ये बंद झाली ती उघडली एकदम मे २०२१ ला. "ते दिवस कसे काढलेस?" असं मी विचारलं, २७ पैकी तो प्रश्न नव्हता. तिने उत्तर न देता खाटेखालची पेटी ओढली आणि तीतून एक वही काढून माझ्या मांडीवर ठेवली.

साधी रेघांची वही, शाळेतली. हाताने आखलेले रकाने. तारीख, पार्टी (तिथे गिऱ्हाइकाच्या बैठकीला पार्टी म्हणतात), एकूण, माझं निम्मं, खोली, डॉक्टर, इतर, शिल्लक. अक्षर उभट आणि स्वच्छ. पानं उलटली आणि एक गोष्ट लक्षात आली. एकूणच्या रकान्यात शून्यं फार होती. सलग तीन, मग एखादी रक्कम, मग पुन्हा दोन. आणि प्रत्येक शून्यापुढे खोलीचे पैसे मात्र वजा.

"टॅक्सवाल्याला हे दाखवतेस?"

"तो म्हणतो, शून्यं लिहू नकोस, त्यांचा काही उपयोग नाही. उत्पन्नच नाही तर लिहायचं काय?" ती वाटीत भिजवलेले मेकअपचे ब्रश एकेक पिळत होती, भांडी घासायच्या साबणात. बोलताना हात चालू. "पण मी त्या दिवशी इथे होते ना. बारा तास. सात वेळा ओळीत उभी राहिले. शून्य लिहिलं नाही तर तो दिवस गेला कुठे?"

सांगलीत गोकुळनगरच्या गल्लीत आमच्या बँकेचा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी हिंडायचा. बायका त्याला भाऊ म्हणायच्या. कुणी दहा द्यायची, कुणी वीस, सणासुदीला पन्नास. त्यांची कार्डं तपासणीला माझ्या टेबलावर यायची. त्या गल्लीत मी कधी पाय ठेवला नाही, घरापासून पंचवीस मिनिटांवर होती. एकदा मी त्याला विचारलं होतं, "या कार्डांवर मधे मधे आडव्या रेघा कसल्या?" तो अवघडून म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी धंदा झाला नाही त्यांचा." त्या तिमाहीच्या अहवालात मी लिहिलं, 'सदर विभागातील ठेवीदार अनियमित आहेत. एजंटास समज द्यावी.' वाक्य मला अजून पाठ आहे, कारण साहेबांनी त्याला शेरा दिला होता, 'योग्य निरीक्षण'.

हे मी तिला सांगितलं नाही. इंग्रजीत 'समज द्यावी' कसं म्हणतात तेही सुचलं नसतं.

वही चाळताना हात आपोआप रकान्यावरून खाली जात होता. जात्याच सवय. मार्चच्या दुसऱ्या पानावर थांबला. 'मागील पानावरून पुढे' अशी आपली ओळ असते, तशी तिचीही होती. मागच्या पानाच्या तळाशी वजा ६३० होते, आणि या पानाच्या डोक्यावर वजा ६७०. तिने स्वतःवरच ४० डॉलर जास्तीचे लावले होते, आणि पुढची सगळी शिल्लक तेवढ्याने खाली आली होती. मी दाखवलं. तिने ओले हात टॉवेलला पुसले, वाकून बघितलं, बोट ठेवून परत बघितलं.

"शिट," ती म्हणाली. "म्हणजे एवढे दिवस मी चाळीस डॉलरनी गरीब होते."

दारावर दोन टकटक झाल्या. तास संपला. मी वही मिटून उठले.

"बस," ती म्हणाली. "हे तुझ्या वेळात धरत नाही." दाराकडे बघून तिने जोरात काहीतरी सांगितलं आणि ड्रॉवरमधून पेन्सिल नि खोडरबर काढलं. पलंगावर वही मधे ठेवून आम्ही मार्चपासून एकेक पान करत आणलं. मी बेरीज सांगायची, तिने खोडायचं आणि लिहायचं. शून्यांपाशी मी नुसतं "तेच" म्हणायची. एप्रिलच्या शेवटी घंटा झाली. तिने चप्पल घातली, आरशात बघून केस नीट केले, गेली. मी मेचं पान धरून बसले. पाच मिनिटांत परत आली.

"नाही?" मी विचारलं.

"नाही," म्हणाली. "मे."

बाहेर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. भाचा गाडीत सीट मागे करून पडला होता आणि मागच्या सीटवर दोन भल्यामोठ्या पिशव्या होत्या. "दिवाळीचे घेऊन ठेवले," तो म्हणाला. "स्वस्तात होते. किती वेळ लावलास मावशी, मी तीनदा गावातून चक्कर मारून आलो." खिंड चढेपर्यंत त्याने काही विचारलं नाही. वर गेल्यावर वेगासचे दिवे लागलेले दिसले तेव्हा विचारलं, तेही रस्त्याकडे बघत, "पैसे किती घेतले?" मी सांगितले. "बापरे," म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "आणि त्यातले तिला?"

"निम्मे."

रात्री ताईचा फोन. तिच्याकडे सकाळ, चहा उकळत असल्याचा आवाज येत होता. बायका कशा होत्या, हे तिला विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं. शेवटी म्हणाली, "काय बघितलंस मग एवढं?"

"एकीची बेरीज चुकली होती."

"मग?"

"दिली करून."

"बरं केलंस," ताई म्हणाली, आणि मग पुन्हा धरणाचं काढलं.